हुडकेश्वरचं यीस्ट आणि माझे नागपुरातले सोळा दिवस

मे महिन्यात नागपूरला जावं का, असं या ब्लॉगवर दोघा-तिघांनी विचारलंय. सरळ उत्तर देते : जाऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात जा. तेव्हा संत्री असतात, सकाळची हवा गोड असते आणि दुपारी बाराला रस्त्यावर उभं राहता येतं.

मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा नागपूरला गेले ती ऐन मे महिन्यात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. एका हातात होल्डॉल, दुसऱ्या हातात रुंद तोंडाचा थर्मास. थर्मासात बर्फ, आणि बर्फात कापसाचे बोळे लावलेल्या सहा काचनळ्या. त्या नळ्यांमध्ये यीस्ट होतं.

यीस्ट म्हणजे तेच, पाव फुगवणारं. एकाच पेशीचा जीव. साखर खातो आणि अल्कोहोल तयार करतो. साखर कारखान्यातून उरलेली काळी, दाट मळी पाण्यात कालवायची, तिच्यात यीस्ट सोडायचं, ते आंबलं की उकळून मद्यार्क काढायचा, असे कारखाने तेव्हा जागोजाग होते. मी पुण्यातल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत होते. आम्ही अशा कारखान्यांना निवडलेलं, शुद्ध यीस्ट पुरवायचो. नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वरच्या पुढे असलेल्या एका कारखान्यातून पत्र आलं : मळीमागे मिळणारा मद्यार्काचा उतारा वर्षभर घसरतोय, नवं यीस्ट घेऊन माणूस पाठवा. जायचे होते आमचे एक सहकारी. त्यांना कावीळ झाली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "मी जाते."

आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दशम्या बांधून दिल्या.

गाडी पुण्याहून निघून दौंड, मनमाड, भुसावळ करत जायची. तिकिटाचे पैसे किती पडले ते आता आठवत नाही, पण भुसावळला बर्फासाठी केलेली धावपळ नीट आठवते. थर्मासमधला बर्फ वितळला होता. फलाटावरच्या सरबतवाल्याने गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा एक तुकडा फोडून दिला. शेगावला कचोऱ्या घेतल्या. या मार्गाने जाणार असाल तर त्या आजही घ्याच. बाहेरची हवा भट्टीसारखी होती आणि कचोरी खाऊन घाम फुटला की तीच हवा गार वाटायची.

बायकांच्या डब्यात बडनेऱ्याला एक जाडजूड बाई चढल्या. माझ्या मांडीवरचा थर्मास त्या बराच वेळ न्याहाळत होत्या.

"काय हाय वं त्यात? दवा हाय का?"

"नाही हो. यीस्ट आहे. म्हणजे एक प्रकारची बुरशी. जिवंत."

"जिवंत?" त्या सरकून बसल्या. "अन् मांडीवर घेऊन बसून राहिली! काहून?"

उन्हाने मरू नये म्हणून, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि आपला ओला पंचा काढून थर्मासभोवती गुंडाळून दिला. वर्ध्याला उतरताना परतही मागितला नाही.

नागपूर स्टेशनवर घाटेसाहेब जीप घेऊन आले होते. कारखान्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ. पन्नाशीचे, उंच, चष्म्यावर हिरवी काच लावलेले. बाई आलेली पाहून ते क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "चला. घरीच राहा आमच्या. गेस्टहाऊस बिलकुल बेकार आहे."

त्यांचं घर जुन्या नागपुरातल्या महाल भागात होतं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे. घाटेवहिनी दर तासाने त्यांच्यावर पाणी मारायच्या आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरायचा. तो वास आजही कुठे आला तरी मी थबकते. पहिल्याच सकाळी त्यांनी पोहे केले आणि विचारलं, "वरून सांबार टाकू?"

पोह्यांवर सांबार! पण पाहुण्याने काय बोलायचं? म्हटलं, थोडंच टाका. त्यांनी चिमूटभर कोथिंबीर भुरभुरवली. मी वाट बघत राहिले. शेवटी सगळा उलगडा झाला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि पुढचे सोळा दिवस रोज मला "सांबार चालेल ना?" असं विचारत राहिल्या. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे लक्षात ठेवा.

कारखान्याचा रस्ता सक्करदऱ्यावरून जायचा. आता तिथे घरं संपतच नाहीत. तेव्हा सक्करदरा मागे पडला की शेतं लागायची. नांगरून टाकलेली काळी, भेगाळलेली जमीन, बांधावर पळस आणि कडुनिंब. हुडकेश्वर हे चांगलं खेडं होतं. त्याच्या पुढे मैलभरावर कारखान्याची चिमणी दिसायची आणि चिमणीच्याही आधी वास यायचा. करपलेला गूळ आणि व्हिनेगर एकत्र केल्यासारखा. तो मळीच्या खड्ड्यांचा वास. विदर्भात साखर कारखाने थोडे, त्यामुळे मळी लांबून टँकरने यायची आणि जमिनीतल्या मोठाल्या खड्ड्यांत महिनोन्‌महिने पडून राहायची.

यीस्टची खोली सांभाळायचे लक्ष्मण भोयर. पन्नाशी ओलांडलेले, काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा. हुडकेश्वरलाच राहायचे. घरची चार एकर शेती होती, ती पाहून कामावर यायचे. अठरा वर्षं ते एकच काम करत होते : लहान टाकीत यीस्ट वाढवायचं, ते मोठ्या टाकीला द्यायचं, आणि दर वेळी पुढच्या खेपेसाठी थोडं मागे ठेवायचं. त्यांच्या त्या लहान टाकीच्या कडांना तपकिरी साका बसला होता. मुंबईहून आलेल्या कुणा साहेबाने तो पाहून नाक मुरडलं होतं, आणि उतारा घसरण्याचं खापर त्या टाकीवर फुटलं होतं.

मी टाकी पाहिली आणि मलाही शिसारी आली. काचनळीतलं आमचं यीस्ट कसं सायीसारखं पांढरं! मी घाटेसाहेबांना म्हणाले, "हे सगळं काढून टाकायला हवं. टाकी वाफेने धुऊन घ्या. यातलं काहीही मागे राहिलं तर नवं यीस्ट खराब होईल."

भोयर बाजूलाच उभे होते. "बाई, यातलं थोडंसं राहू द्या जी."

"कशाला?"

"खड्ड्यातली मळी उन्हाळ्यात लय कडक होते. ह्याले सवय हाय तिची. तुमचं नवं हाय. त्याले काय मालूम?"

मी हसले. आज लिहितानाही ते हसू मला ऐकू येतं. "काका, यीस्टला सवयबिवय काही नसते. जात चांगली असली की झालं."

त्यांनी घाटेसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. भोयरांनी स्वतःच वाकून खालचा कॉक उघडला. अठरा वर्षांचं यीस्ट नालीतून वाहत गेलं. टाकी रिकामी व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी घाटेसाहेबांनी भोयरांना यीस्टच्या खोलीतून काढून फाटकावर टँकरची नोंद घ्यायला बसवलं.

पहिले चार दिवस माझे होते. काचनळीतून चंचुपात्रात, चंचुपात्रातून बाटलीत, बाटलीतून लहान टाकीत, असं यीस्ट वाढत गेलं. वाढवायला मी ताज्या गुळाचं पाणी वापरत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी टपोऱ्या दिसत आणि प्रत्येकीच्या अंगावर कळी. यीस्टची पेशी अशीच वाढते. अंगावर छोटी कळी फुटते, मोठी होते आणि सुटी होऊन जाते. घाटेसाहेब खूष होते. रविवारी त्यांनी आम्हाला जीपने जरीपटक्याला नेलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी तिथे भरभरून बाजार मांडला होता. कापड, भांडी, पापड, आणि एका दुकानातली दाल-पकवानची बशी. वहिनींनी उन्हाच्या झळीसाठी मला एक सुती दुपट्टा घेऊन दिला आणि तो डोक्याला, कानांना कसा गुंडाळायचा तेही दाखवलं.

सोमवारी सकाळी यीस्ट मोठ्या टाकीत सोडलं. खड्ड्यातली मळी, पाणी आणि माझं यीस्ट. सहा तासांत टाकी बोलू लागते. आधी बारीक बुडबुडे, मग फेस, मग भजी तळल्यासारखा आवाज. सहा तास झाले. काही नाही. संध्याकाळपर्यंत काही नाही. मंगळवारी सकाळी टाकीवर काळंशार, सपाट पाणी होतं आणि त्यात छपराच्या पत्र्याचं प्रतिबिंब दिसत होतं.

मी थेंबभर काचपट्टीवर घेतला. मेलेल्या पेशी ओळखायला निळा रंग घालतात. जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाही, मेलेली पेशी निळी होऊन बसते. मी डोळा लावला. सगळं निळं. इकडून तिकडे काच सरकवली. निळंच.

"गरमी," घाटेसाहेब म्हणाले. "चव्वेचाळीस डिग्रीत दुसरं काय होणार?"

मलाही तेच वाटलं, खरं तर तेच वाटावंसं वाटत होतं. पण खात्री करायला मी दोन बाटल्या माठाच्या थंड पाण्यात बुडवून ठेवल्या. एकीत गुळाचं पाणी, दुसरीत खड्ड्यातल्या मळीचं. दोन्हींत तेच यीस्ट, पाणी एकाच विहिरीचं. दुपारी गुळाची बाटली फसफसत होती. मळीच्या बाटलीतल्या पेशी निळ्या. म्हणजे ऊन नव्हे, पाणी नव्हे. मळीतच काहीतरी होतं, आणि वर्षभराचा उतारा त्यानेच घसरत असणार.

काय होतं ते वासानेच सांगितलं असतं. खड्ड्यात उन्हाने मळी आतल्या आत तापते, आंबते, तिच्यात तीव्र आम्लं तयार होतात. साखर स्वच्छ करताना वापरलेल्या गंधकाचा अंशही तिच्यात असतो. ही आम्लं पेशीच्या आत शिरतात. मग पेशीची सगळी ताकद ते आम्ल बाहेर ढकलण्यात जाते, वाढायला काही उरत नाही. आणि एकदम जास्त आलं तर ढकलणंही जमत नाही. अशा वेळी यीस्टला थोड्या थोड्या माऱ्याने तयार करता येतं, हे मी एमएस्सीला वाचलं होतं. पुस्तकात एक पान होतं त्यावर. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलंही होतं. पण टाकीशेजारी उभं राहून एक माणूस मला तेच सांगत होता, तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. कारण तो "सवय" म्हणाला.

सरांना तार केली. त्यांची उलट तार आली : टाकी अस्वच्छ असणार, निघून ये. त्याच दुपारी कारखान्याने रोजंदारीवरच्या चाळीसएक माणसांना काम नाही म्हणून घरी पाठवलं. फाटकातून ती माणसं डोक्यावर दुपट्टे ओढून ओळीने बाहेर पडत होती आणि फाटकावर नोंदवही घेऊन भोयर बसले होते. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी हुडकेश्वरला भोयरांच्या घरी गेले. मातीचं, सारवलेलं घर, अंगणात बंडी उभी. बंडी म्हणजे बैलगाडी. त्यांची बायको पार्वताबाई दारातच होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच का वं ती पुण्याची?"

"हो."

"अठरा वर्सं त्या खोलीत राबला माहा मानूस. यका दिवसात फाटकावर बसवला. काहून आली आता?"

आतून भोयर आले. "बसू दे तिले. पानी आन." मग माझ्याकडे वळून, "बोला बाई."

मी घडलं ते सगळं सांगितलं. निळ्या पेशींचंही. "काका, माझी चूक झाली. तुम्ही म्हणालात ते खरं होतं. तुमच्याकडे जुन्यातलं काही..." मी अडखळले. "थोडं कुठे ठेवलं असेल तर..."

"नाही जी."

"एखाद्या बाटलीत? मडक्यात?"

"तुम्ही टाका म्हनल्या. टाकलं. चोरून काहून ठेवू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सहन होईना. मी तिथेच, पार्वताबाईसमोर रडले. तिने पाण्याचा गडू पुढे केला आणि मग आतून ज्वारीची भाकर, झुणका आणि कांदा आणून ठेवला. "खाऊन घे. उपाशी रडू नये."

भोयर अंगणातल्या बंडीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं जित्तं हाय का काही?"

"गुळावरचं आहे. बाटलीभर."

"मंग शिकवू त्याले. नव्या गोऱ्ह्याले आपन येकदम भरली बंडी जुंपतो का? आधी रिकामी ओढवतो. मंग थोडं वझं. पन टाइम लागन."

"किती?"

"ते यीस्ट सांगन."

घाटेसाहेबांना पटवायला तासभर लागला. मी म्हणाले, आठ दिवस द्या आणि भोयर खोलीत हवेत. ते म्हणाले, "तुमच्या सरांनी परत बोलावलंय ना?" मी म्हणाले, मी जात नाही. स्वतःच्या नोकरीचा विचार मी त्या क्षणी केला नव्हता. तो संध्याकाळी आला.

नऊ भाग गुळाचं पाणी, एक भाग खड्ड्यातली मळी. तिथून सुरुवात. भोयर टाकीला तळहात लावून ऊब पाहायचे, फेसाजवळ नाक न्यायचे, कान लावायचे. मी पेशी मोजायचे. शंभरात निळ्या किती, कळ्या असलेल्या किती. ते म्हणायचे, "आता खुश हाय," आणि मी पाहायचे तो साठ-सत्तर पेशींवर कळ्या. ते म्हणायचे, "नाही, थांबा," आणि मोजणीत निळ्या वाढलेल्या दिसायच्या. दोनदा-तीनदा असं झाल्यावर मी आधी त्यांना विचारू लागले आणि मग मोजू लागले. दोन भाग मळी. मग तीन. प्रत्येक वेळी सुरुवातीचे काही तास यीस्ट गप्प बसायचं. पहिल्या वेळी मी दर दहा मिनिटांनी टाकीत डोकावत होते. भोयर निवांत सुपारी कातरत होते. "इचार करून राहिलं ते," म्हणाले.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जगभरच्या लोकांनी शोधून काढलं की त्या गप्प तासांत पेशी खरंच रिकामी बसलेली नसते. संकटाची चाहूल लागली की ती वाढ थांबवते, एक खास साखर साठवून ठेवते, बिघडू पाहणाऱ्या प्रथिनांना सावरणारी दुसरी प्रथिनं तयार करते, आम्ल बाहेर टाकणारे पंप वाढवते. लहान संकट पचवलेली पेशी मोठ्या संकटात तग धरते. त्या वाचनाच्या वेळी मला दर वेळी सुपारी कातरण्याचा आवाज यायचा.

चौथ्या पायरीला गडबड झाली. चार भाग मळी घातली आणि दुसऱ्या सकाळी अर्ध्याहून जास्त पेशी निळ्या. घाटेसाहेब दारात उभे. "वरून रोज फोन येतोय. जे आहे ते टाका मोठ्या टाकीत. बघू."

मी भोयरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मागे जायचं?" मी विचारलं.

"मागं. तीनवर. अन् उद्यापर्यंत हात नाही लावायचा."

"साहेब, उद्यापर्यंत नाही," मी म्हणाले.

घाटेसाहेब संतापले. "जबाबदारी तुमची!" म्हणत जीप घेऊन निघून गेले. त्या रात्री घरी जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनी मात्र माझ्या ताटात वडाभाताची दुसरी मूद वाढली.

तो एक दिवस थांबलो, ते बरं झालं. ज्या थोड्या पेशी जगल्या त्याच पुढच्या सगळ्यांच्या आया झाल्या. पुन्हा चार भागांवर गेलो तेव्हा गप्प तास निम्म्यावर आले होते. मग पाच, सात, आणि शेवटी निव्वळ मळी. आठव्या दिवशी दुपारी मोठ्या टाकीत सोडलं. नवव्या दिवशी सकाळी मी जीपमधून उतरले तर भोयर फाटकापर्यंत आले होते. मला पाहताच ते वळून पुढे चालू लागले. खोलीच्या बाहेरूनच आवाज ऐकू आला. टाकीवर हातभर फेस चढला होता, तांबूस, डोलणारा, आणि वाकून पाहताना नाकात झिणझिण्या आल्या. पिकल्या केळ्यासारखा वास. भोयरांनी टाकीला तळहात लावला आणि माझा हात धरून माझाही लावला. गरम होती, तापलेल्या लेकराच्या कपाळासारखी.

"शिकलं," ते म्हणाले.

त्याच दुपारी माणसं कामावर परत आली. भोयर यीस्टच्या खोलीत परत गेले. घाटेसाहेबांनी निघायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः संत्रा बर्फीचा डबा आणून दिला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाले, "मीपण तेव्हा ऐकायला हवं होतं त्यांचं." पार्वताबाई स्टेशनवर येऊ शकली नाही, पण तिने भोयरांबरोबर कुरकुरीत भाजलेल्या फल्लीदाण्यांची, म्हणजे शेंगदाण्यांची, पुरचुंडी पाठवली. गाडी सुटताना मी भोयरांच्या पाया पडले. ते एवढे ओशाळले की पाठ फिरवून उभे राहिले.

पुण्याला पोहोचले तर सर रागावलेले होते. अहवाल वाचला आणि निवळले. त्यांनी तो एका सभेत वाचायचं ठरवलं. यीस्ट टप्प्याटप्प्याने तयार करण्याची पद्धत, प्रयोगकर्ती म्हणून माझं नाव. मी दुसरं नाव घातलं : लक्ष्मण भोयर, हुडकेश्वर. सरांनी विचारलं, "हे कोण? शिक्षण काय?" मी म्हणाले, पद्धत त्यांची आहे. सरांनी पेन उचललं, थोडं थांबले आणि नाव राहू दिलं. छापलेल्या प्रतीतली एक मी हुडकेश्वरला पाठवली. उत्तर आलं नाही. घाटेसाहेबांच्या पत्रातून कळलं की पार्वताबाईने ती देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलीय. त्याच पत्रात एक ओळ होती : "नवीन यीस्ट चांगलं चाललंय, पण ऐन मेमध्ये जुन्याइतका उतारा देत नाही. भोयर म्हणतात, अजून लहान आहे ते."

नंतर कामानिमित्त आणि लेकीकडे म्हणून मी नागपूरला अनेकदा गेले. लेक मनीषनगरला राहते. मागच्या वेळी जावयाने गाडीने हुडकेश्वरच्या पुढे नेलं. ले-आऊटच्या पाट्या, शाळा, मंगल कार्यालयं, गाड्यांची शोरूम. कारखाना कुठे होता ते मला दाखवता आलं नाही. चिमणीच्या जागेचा अंदाज करत दोन गल्ल्या फिरलो आणि रस्त्याकडेच्या टपरीवर तिखटजाळ रश्शाचे तर्री-पोहे खाऊन परत आलो. भोयर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही गेलात तर तिथे पाहण्यासारखं काही नाही. पोहे मात्र खा. तर्री जपून घ्या.

त्या सोळा दिवसांनी मला काय दिलं, असं घरी आल्यावर पुष्कळदा मनाशी मोजलंय. धंदा शिकवला, हे खरं. पुढची तीस वर्षं मी यीस्टवरच काम केलं. उष्णतेला, आम्लाला, अल्कोहोलला तोंड देणाऱ्या जाती देशभरातून गोळा केल्या. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी एक नियम लावून दिला होता : कुठल्याही कारखान्यातलं काहीही टाकण्याआधी त्यातलं काचनळीभर मागे ठेवायचं. सगळे तो पाळायचे. का, ते मी कधी सांगितलं नाही.

आज सांगते. लोकांना वाटतं मला वाईट वाटतं ते भोयरांचं यीस्ट टाकून दिल्याचं. वाटतंच. अठरा उन्हाळे खड्ड्यातली ती मळी पचवत आलेलं ते बियाणं पुन्हा कुठे मिळालं नाही. पण त्याहून जास्त खुपतं ते दुसरंच. त्या सकाळी टाकीशेजारच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवलेला होता. काचपट्ट्या होत्या, निळा रंग होता, मी पुण्याहून ते पाहायलाच तर आले होते. एक थेंब घ्यायला दोन मिनिटं लागली असती. मी टाकीचा साका पाहिला, भोयरांचा दुपट्टा पाहिला आणि ठरवून टाकलं. ते यीस्ट कसं दिसत होतं, हे मला माहीत नाही. मी ते एकदाही पाहिलं नाही.